चारशे ग्रॅम

आमच्या दवाखान्यात लेकरांचं वजन सकाळी साडेसहाला होतं, पहिल्या दुधाच्या आधी. लेकरू पूर्ण उघडं करायचं, ताईत आणि करगोटासुद्धा काढायचा, काट्यावर ठेवायचं आणि आकडा मोठ्यानं म्हणायचा. एकीनं म्हणायचा, दुसरीनं लिहायचा. मोठ्यानं म्हणायची पद्धत कुणी घातली ते मला ठाऊक नाही. मी नर्सिंग शिकून या मिशनच्या दवाखान्यात आले तेव्हा ती होतीच. त्यामुळे वॉर्डातल्या प्रत्येक आईला सगळ्या लेकरांचे आकडे पाठ असतात. कुणाचं शंभर ग्रॅम चढलं की शेजारच्या खाटेवरची म्हणते, "चढलं वो माय तुह्यं," आणि आपल्या लेकराच्या वाटीकडे बघते.

गेली सव्वीस वर्षं मी हे आकडे म्हणते आहे. त्यातल्या एका आकड्याबद्दल मी कोणाशी बोलले नव्हते. आता बोलले आहे, तेव्हा लिहायलाही हरकत नाही.

आधी थोडं समजावून सांगावं लागेल. कुपोषित लेकरू म्हटलं की लोकांना फासळ्या दिसणारं लेकरू आठवतं. ते एका प्रकारचं. दुसऱ्या प्रकारचं लेकरू गुबगुबीत दिसतं. गाल फुगलेले, पावलं पुरीसारखी फुगलेली, केस तांबूस. घरच्यांना वाटतं, लेकरानं अंग धरलं. पावलावर अंगठा दाबला की खड्डा पडतो आणि तसाच राहतो. ते मांस नसतं, पाणी असतं. उपचार लागू पडला की पहिल्या आठवड्यात हे पाणी लघवीवाटे निघून जातं आणि काट्यावर लेकरू उतरतं. हे उतरणं चांगलं. त्यानंतरच ते खरं चढायला लागतं. आम्हाला हे पहिल्या वर्षी शिकवतात, आणि लेकराजवळ जो माणूस राहणार त्याला पहिल्याच दिवशी सांगायचं, असा नियम आहे. आई घरी गेली आणि आजी बसली, तर आजीला पुन्हा सांगायचं.

अकरा वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी अशी सुजून आली. दीड वर्षाची होती. बहीण आंधळगावच्या बाजूला दिलेली, घरी धानाची शेती, खाऊन-पिऊन बरं. पण रोवणीच्या दिवसांत घरातल्या सगळ्या बाया दिवसभर बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, आणि लेकरू पेजेवर. अशी लेकरं आमच्याकडे दर श्रावण-भाद्रपदात येतात, अगदी बपेऱ्यापासून आणि नदीपलीकडच्या मध्य प्रदेशातूनही येतात. आपल्याच घरातलं येईल असं वाटलं नव्हतं. आल्या दिवशी तिचं वजन सात किलो आठशे भरलं. पाव किलो-अर्धा किलो त्यात नुसतं पाणीच असणार, हे मला पावलं बघूनच कळलं होतं.

बहिणीला मी सुजेचं काही सांगितलं नाही. घरची म्हणून. परक्या बाईला मी पाच मिनिटं देते, नीट अंगठा दाबून खड्डा दाखवते. बहिणीला वाटलं, आक्का आहे. मलाही वाटलं, मी आहेच.

तिसऱ्या दिवशी तिची सासू डबा घेऊन आली आणि म्हणाली, "तू जाय घरी. मी बसतो लेकरापाशी. धानाचे परे पिवळे पडून राहिले, रोवायले माणसं भेटत नाही." बहिणीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "जा. मी आहे ना."

हे तीन शब्द मी नंतर किती वेळा तोंडात घोळवले असतील.

सासू म्हणजे हनुवटीवर गोंदण असलेली, उंच, आवाजाची बाई. तिला आमचं काही पसंत नव्हतं. लेकराला दर दोन तासांनी वाटीभर दूध, तेही साखर, तेल आणि मुरमुऱ्याची पूड घालून केलेलं, हे तिला थट्टेसारखं वाटे. चौथ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात शिरले तेव्हा ती डब्यातला भात बोटानं कुस्करून लेकराच्या तोंडात घालत होती. मी म्हणाले, "आजी, दुधाशिवाय काही द्यायचं नाही, कालच सांगितलं ना."

ती अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "तुले का समजते वो लेकराचं? तुह्या पोटी एखादं असतं तं समजलं असतं."

दोन-तीन बाया हसल्या. मी तेव्हा सदतीस वर्षांची होते, लग्न झालेलं नव्हतं. का झालं नाही ते इथं सांगायचं कारण नाही. मी हसू आणलं आणि काटा सारखा केला.

भाचीची पाळी आली. मी तिला ठेवलं, आकडा म्हटला, "सात चारशे."

म्हातारी पुढे आली. "आल्या दिसी का होतं?"

"सात आठशे."

"म्हंजे?"

"चारशे ग्रॅम उतरलं."

"उतरलं? इथं येऊन उतरलं? काहून उतरलं?"

आता इथं दोन वाक्यं बोलायची होती. सूज होती आजी, पाणी निघून चाललं आहे, चांगली खूण आहे. मी ती हजार वेळा बोललेली आहे, झोपेतही बोलेन. पण माझ्या कानात ते हसणं होतं. मी म्हणाले, "तुम्हालाच समजते ना लेकराचं. तुम्हीच सांगा."

त्याच बाया पुन्हा हसल्या, या वेळी माझ्या बाजूनं. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फारच बरं वाटलं. म्हातारीचा चेहरा उतरलेला मी बघितला आणि पुढचं लेकरू उचललं. मनात म्हटलं, जळू दे थोडी. दुपारी सांगू.

नंतर मी स्वतःला सांगत आले की दहाच्या सुमारास बांधीत साप चावलेली एक बाई आणली, मला बायकांच्या वॉर्डात जावं लागलं, म्हणून राहून गेलं. ती बाई खरीच आली होती. तिला लस चढवताना मी दोन तास तिच्या उशाशी होते, ती वाचली. पण ती आली दहाला. वजन झालं साडेसहाला. मधल्या साडेतीन तासांत मी त्या खाटेपाशी तीन वेळा गेले, दूध दिलं, ताप बघितला. म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी तिला बघू दिलं.

बाराला परत आले तर खाट रिकामी. चादर घडी करून ठेवलेली, आमची वाटी आणि चमचा धुऊन उपडे घातलेले. मोहाडीकडची गाडी निघून गेली होती.

मी नोंदवहीत लिहिलं की नातेवाईक स्वतःच्या जबाबदारीवर घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, समजावलं होतं का, तर हो म्हणून मान हलवली. संध्याकाळी बहिणीच्या नवऱ्याला फोन केला.

"लेकराला उद्याच परत आणा," मी म्हणाले.

तो म्हणाला, "माय म्हणते, तिथं लेकरू वाळून राहिलं. घरी ठीक आहे, खेळून राहिली."

तेव्हाही सांगता आलं असतं. पण सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग सकाळीच का नाही सांगितलं. मी म्हणाले, "तुमच्या आईला काय कळतं," आणि फोन ठेवला.

घरी तिला भात, वरण, मीठ, अशा लेकराला अजून न पेलणारं सगळं दिलं, पोटभर दिलं, मायेनं दिलं. तिसऱ्या दिवशी हगवण लागली. सहाव्या दिवशी ती गेली. मला कळलं तेव्हा मी दुसऱ्या एका लेकराला काट्यावर ठेवत होते, तो आकडाही मी मोठ्यानं म्हटला.

त्यानंतर मी म्हातारीच्या मागे लागले.

मागे लागले म्हणजे काठी घेऊन नाही. मी बोलत गेले. लग्नात, तेरवीत, माहेरी, बसमध्ये भेटलेल्या गाववाल्यांपाशी, एकच वाक्य: "मुलगी होती म्हणून उचलून नेली. मुलगा असता तर नेला असता का?" हे वाक्य लोकांना लगेच पटतं. कुणी एकदाही विचारलं नाही की तुला कसं ठाऊक. बघता बघता त्या गावात म्हातारीची नजर वाईट ठरली. बाया आपली तान्ही लेकरं तिच्यासमोर आणेनात. बारशाला बोलावणं येईना. हे माझ्या कानावर आलं की मी त्या दिवशी नीट जेवायची.

आणि ती काही गरीब गाय नव्हती, हेही लिहून ठेवते. वर्षाच्या आत तिनं माझ्या बहिणीला ट्रंकेसह माहेरी पाठवलं आणि मुलाचं दुसरं लग्न लावलं. माहेरी भावजयीशी पटलं नाही, तेव्हा बहीण माझ्या क्वार्टरमध्ये आली. तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. शिलाई करते, दवाखान्यातल्या पोरींचे ब्लाउज शिवते. मुलीचा विषय निघाला तर एवढंच म्हणायची, "तिथंही उतरूनच राहिली होती ना, आक्का. वाचली नसतीच ती." आणि मी म्हणायची, "म्हातारीनं नेली नसती तर बघितलं असतं." म्हणजे एका बाजूनं तिला धीर द्यायचा आणि दुसऱ्या बाजूनं म्हातारीवर निखारा टाकायचा, अशी दोन्ही कामं एका वाक्यात.

मी रोग्यांना अंघोळ घालते, जखमा बांधते, म्हाताऱ्यांची हागणी-मुतणी काढते. हात काम करत असताना डोकं मोकळं असतं. त्या मोकळ्या डोक्यात मी म्हातारीसाठी आजार निवडत असे. खुब्याचं हाड मोडलेली कुणी आली की वाटे, हा बरा, खाटेवरून उठता येत नाही, पाणीसुद्धा मागावं लागतं. क्षयाची बाई आली की वाटे, नको, हा लवकर बरा होतो. तिनं मला "बाई, पाणी" म्हणावं आणि मी पेला हातात धरून उभं राहावं, हे मी इतक्या वेळा बघितलं होतं की ते घडून गेल्यासारखं झालं होतं.

गेल्या भाद्रपदात ती आली.

आजारी होऊन नाही. दुसऱ्या सुनेला आणि नातीला घेऊन आली. सून विशीची असेल, खालमानेची, बोलली तरी ऐकू न जाणारी. नात दोन वर्षांची. पावलं पुरीसारखी.

मी आता त्या वॉर्डची इन्चार्ज आहे. तोंडावर मास्क होता, केस पिकले आहेत, अंगानं वाढले आहे. म्हातारीच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. ती मला ओळखत नाही असं मी धरून चालले. गोंदण तसंच होतं, आवाज थोडा चिरला होता.

"कोणतं गाव, आजी?" मी विचारलं. मला ठाऊक असलेलं गाव तिनं सांगितलं.

"आधी कधी आल्या होत्या इथं?"

"आली होती एकदा," ती म्हणाली आणि नातीच्या पायावरचं फडकं सारखं केलं.

मला समाधानासारखं काहीतरी वाटलं. एवढी वर्षं मी तिला खाटेवर मागत होते. ती उभी आली होती, तर उभीच सही.

पहिल्या दिवशी सुनेला एकटीला आत घेतलं, अंगठा दाबून खड्डा दाखवला, सगळं समजावलं. नोंदवहीत 'आईस समजावले' असं लिहिलं. सून मान हलवत होती. ही मुलगी सासूपुढे तोंड उघडणार नाही हे मला दिसत होतं, आणि लेकरू इथं ठेवायचं की न्यायचं हे सासू ठरवणार हेही. म्हातारीला मुद्दाम बाहेर ठेवलं. नियम पाळला आणि माणूस टाळला.

मग चार दिवस मी तिला छळलं. छळ म्हणावा असं त्यात काही नव्हतं, तक्रार करावी असं तर मुळीच नाही. वॉर्डात एका लेकरामागे एकच बाई, असा नियम काढला आणि तिला स्वयंपाकाच्या पडवीत पाठवलं, जिथे नातेवाईक तीन दगडांवर रांधतात. ती नातीला बघायला आली की हात धुवायला परत पाठवायची, धुऊन आली की "साबण लावला का?" म्हणून पुन्हा पाठवायची. तिनं नातीसाठी मऊ भात करून आणला, तो मी तिला कचऱ्याच्या डब्यात टाकायला लावला. ते बरोबरच होतं, त्या दिवसांत भात चालत नाही. पण का चालत नाही हे मी सांगितलं नाही, आणि डब्याचं झाकण उघडून तिच्याकडे धरलं.

"जसं म्हणता बाई तसं," ती म्हणायची. प्रत्येक वेळी एवढंच. तिच्या या शांतपणाचा मला राग येत होता. तिनं एकदा तरी जुनी जीभ काढावी असं वाटत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी वजनं सुरू झाली. वॉर्डाच्या खिडकीला गज आहेत, बाहेर व्हरांडा. म्हातारी व्हरांड्यात गज धरून उभी होती. सुनेनं लेकराचा करगोटा काढला, लेकरू माझ्या हातात दिलं. आल्या दिवशी आठ सहाशे होती.

"आठ शंभर," मी म्हटलं.

लिहिणारी नवीन पोरगी होती. तिनं लिहिलं आणि पुढच्या लेकरासाठी वर बघितलं. सून सासूकडे बघत होती.

मी काही बोलले नाही.

हे मी नीट लिहिते. ती पाच-सहा श्वासांची गोष्ट असेल. मला दिसत होतं की ही आता लेकरू उचलेल. मला हेही दिसत होतं की या वेळी उचललं आणि काही झालं, तर त्या गावात तिला पाणी देणारं कुणी उरणार नाही. दोन नाती, दोन्ही हिनंच नेल्या. मला फक्त गप्प राहायचं होतं, पहिल्या वेळेसारखं. लेकरू काट्यावरून माझ्याकडे बघत होतं, तिची पावलं उतरली होती, घोट्याचं हाड दिसू लागलं होतं, आणि तरीही मी गप्प होते. मी शेवटी तोंड उघडलं असतं की नाही ते मला आजही माहीत नाही, कारण म्हातारीच बोलली.

"उतरलं का वो बाई?"

"उतरलं."

"काहून उतरलं?"

तेच शब्द, त्याच आवाजात. तिनं मला पहिल्या दिवशीच ओळखलं होतं.

"सांग ना वो," ती गजांमधून म्हणाली. "मांगच्या खेपी तू म्हटलं, तुम्हीच सांगा. मले तं सांगता आलं नाही. आता तू सांग."

मी सांगायला लागले आणि माझा आवाज पहिल्या वर्षाच्या पोरीसारखा निघाला. सूज होती. अंगात पाणी होतं. ते निघून चाललं आहे.

"म्हंजे चांगलं का वाईट?"

"चांगलं."

"मोठ्यानं म्हण, मले कमी ऐकू येते. आकडा कसा म्हणतं, तसं म्हण."

"चांगलं आहे, आजी. उतरणं चांगलं आहे. आठ-दहा दिवसांनी चढेल."

"मंग तिचंबी चांगलंच होतं," ती म्हणाली.

मी म्हणाले, "हो."

तिनं गज सोडले आणि पडवीकडे गेली. नवीन पोरीनं मला विचारलं, "सिस्टर, कुणाचं चांगलं होतं?" मी तिला पुढचं लेकरू आणायला सांगितलं.

वजनं झाल्यावर मी पडवीत गेले. म्हातारी चुलीपाशी तांदूळ निवडत बसली होती. मी उभी राहिले, तिनं बस म्हटलं नाही.

"कधी कळलं तुम्हाला?" मी विचारलं.

"पुढच्याच साली. शेजारणीचं लेकरू असंच सुजलं. अंगणवाडीची बाई तिले सांगून राहिली होती, पयले वजन उतरते, घाबरू नोको, दवाखान्यातून उचलू नोको. मी तिथंच खाली बसली." ती खडा काढून बाजूला टाकत होती. "आली होती मी इथं. फाटकापावतर आली. तू दिसली, कोनाशी तरी हसून राहिली होती. वापस गेली."

मला माझी बाजू हवी होती. मी म्हणाले, "माझ्या बहिणीला घालवलं तुम्ही."

"घालवली. तिच्याकडं पाह्यलं का मले ते लेकरू दिसे. ते माहं पाप, मी भोगतो. पर तू गावभर सांगत गेली, पोट्टी होती म्हून नेली. आता तूच इचार कर. पोट्टी नको असती तं इथंच टाकून गेली असती ना मी? उतरून राहिली म्हून नेली."

इतकी सरळ गोष्ट अकरा वर्षांत कुणाच्या डोक्यात आली नव्हती. माझ्या आली होती. मी ती आत येऊ दिली नव्हती.

"बहिणीला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

तिनं पहिल्यांदा वर बघितलं. "कुठं गेली असती मंग ते? तुह्याच दारात तं उभी होती."

मला वाटलं होतं की असं काही ऐकून माणूस विरघळतो. मी विरघळले नाही. मला तिचा अधिकच राग आला. तिनं माझं घर माझ्यासाठी सांभाळून ठेवलं होतं, आणि मला न विचारता. यापेक्षा तिनं गावभर ओरडून सांगितलं असतं तर आम्ही फिटंफाट झालो असतो.

"आता तू सांग तिले," ती म्हणाली. "मी नाही सांगत. तुह्या तोंडानं सांग."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तं मी पाहीन," ती म्हणाली आणि तांदूळ धुवायला उठली.

त्या दिवसापासून मी तिला वॉर्डात येऊ दिलं. ती नातीच्या खाटेखाली फरशीवर बसायची, वाटी धरायची, एक थेंब सांडू द्यायची नाही. दहाव्या दिवशी पोरगी चढायला लागली. रोज वजन झालं की म्हातारी विचारायची, "काहून चढलं?" आणि मला सांगावं लागायचं. इतर बायाही विचारायला लागल्या. वॉर्डात नवीन आलेल्या आयांना आता मी काही समजावण्याआधीच म्हातारीनं समजावलेलं असायचं, अंगठा दाबून, खड्डा दाखवून. माझ्यापेक्षा चांगलं.

तेविसाव्या दिवशी सुटी झाली. कागद घेताना ती म्हणाली, "सांगतलं?"

"नाही."

"पंधरा दिसांनी तपासणीले येऊन राहिलो आमी," ती म्हणाली. "मी तुह्या घराकून येईन."

तेव्हा मी सांगितलं ते पश्चात्तापानं सांगितलं असं कुणी समजू नये. म्हातारी दारात उभी राहील या भीतीनं सांगितलं. पंधरापैकी तेरा दिवस मी तेही केलं नाही.

रविवार होता. बहीण मशीनवर बसली होती, मी दारापाशी खुर्चीवर. मी तिच्या पाठीला सांगितलं, कारण तिच्या तोंडाकडे बघून जमलं नसतं. सगळं सांगितलं, ते हसणं, माझं उत्तर, ते साडेतीन तास, तो फोन. मशीन कधी थांबली ते मला कळलं नाही.

मग तिनं विचारलं, "किती उतरलं होतं?"

"चारशे ग्रॅम."

"चौथ्याच दिसी?"

"हो."

"म्हंजे बरी होऊन राहिली होती ती."

मी हो म्हणाले. तिनं ब्लाउजची बाही सुईखालून काढली, दोरा दातानं तोडला, घडी घातली. मला वाटलं आता रडेल, ओरडेल, ट्रंक काढेल. मी त्या सगळ्यासाठी तयार होते. तिनं उठून भात लावला. मला ताट वाढलं. मी काय हवं-नको ते सांगत होते आणि ती वाढत होती, पण तिनं मला आक्का म्हटलं नाही. त्या दिवशी नाही, आणि त्यानंतर आजपर्यंत नाही. हाक मारायची वेळ आली तर ती माझ्याजवळ येऊन उभी राहते आणि मी बघेपर्यंत थांबते.

तपासणीच्या दिवशी ती माझ्या आधी दवाखान्यात पोचली. मी गेले तेव्हा व्हरांड्यातल्या बाकावर म्हातारीशेजारी बसली होती. पोरगी बहिणीच्या मांडीवर होती, अंगानं भरलेली, तांबूस केसांच्या मुळाशी काळे केस आलेले. सून बाजूला उभी.

वजनाला सगळ्या वॉर्डात आल्या तेव्हा बहिणीनंच पोरीचे कपडे काढले. करगोटाही तिनंच सोडवला. तिनं पोरगी काट्यावर ठेवली आणि हात बाजूला घेतले.

"नऊ आठशे," मी म्हटलं.

म्हातारीनं विचारायला तोंड उघडलं, पण बहिणीनं तिच्या दंडावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"चढलं का उतरलं?"

"चढलं."

"काहून?"

वॉर्डात नवीन आलेल्या चार बाया होत्या, त्याही वळून बघत होत्या. मी पहिल्यापासून सांगायला लागले, सूज, पाणी, उतरणं. मध्ये एकदा थांबले तर बहीण म्हणाली, "पुढं."